अठरा किलोंचा पाहुणा

१

माझ्याकडं आयुष्यभर लोक एकच रडगाणं घेऊन आले: माझं अमुक गेलं, माझं तमुक गेलं. कुणाची घोडी, कुणाचं ट्रॅक्टरचं चाक, एकाची तर बायको. काराकोलच्या पोलीस ठाण्यात मी तपासाची खुर्ची सांभाळली तोवर निम्मं शहर काहीतरी हरवून माझ्यासमोर बसून गेलं आणि सांगायला हरकत नाही, बहुतेकांचं मी शोधूनही दिलं. (बायकोसुद्धा सापडली, पण ती परत यायला तयार नव्हती.) आता निवृत्त होऊन अंगणातल्या जर्दाळूंचा मुरंबा करते. त्या शनिवारी सकाळी पातेलं नुकतं उकळायला लागलं होतं, तेवढ्यात पेरिझात फाटक ढकलून आत आली ती उलटीच तक्रार घेऊन.

"झूरा एजे, माझ्या गाडीत कुणीतरी काहीतरी आणून ठेवलंय."

"मग बरंच झालं की. काय ठेवलंय?"

"तेच तर सापडत नाही. पण अठरा किलो आहे."

पुढचं ती रडत, शिव्या देत आणि मध्येच माझ्या पातेल्यातले जर्दाळू खात बोलली, ते मी सरळ करून सांगते. पेरिझात ही ओमुरझाक आकेंची एकुलती एक मुलगी. (आमच्याकडं थोरल्या बाईला एजे म्हणतात, थोरल्या पुरुषाला आके.) ओमुरझाक आके म्हणजे आमच्या खोऱ्यात शर्यतीचे घोडे तयार करणारा एक नंबरचा माणूस. घोड्याची चरबी उतरवून, घाम काढून ते त्याला असा हलका करतील की वरच्या पोरानं नुसतं हूं म्हणावं आणि घोडा सुटावा. मुलीनं घोडे सोडून गाडी धरली, पण वेड घरातलंच. जपानहून आलेली जुनी, काडेपेटीएवढी गाडी. इंजिन यथातथाच, आणि ते वाढवायला शर्यतीच्या नियमात बंदी. मग उरलं काय? गाडी हलकी करणं. हिवाळाभर तिनं आणि तिच्या भागीदारानं, झाखार मिस्त्रीनं, ती गाडी कांद्यासारखी सोलली. मागची सीट गेली, जादा चाक गेलं, गालिचे, छताचं कापड, दारांच्या आतले पत्रे सगळं गेलं. मागच्या काचेच्या जागी प्लास्टिक आलं. पाव-पाव किलोसाठी दोघं हातघाईवर यायची. झाखारनं तर तिचे बूटसुद्धा तोलले आणि पातळ तळाचे घ्यायला लावले.

उद्या घाटाची शर्यत होती, शहरापासून वर स्कीच्या तळापर्यंत. लहान गाड्यांत जो पहिला येईल त्याला राजधानीच्या, बिश्केकच्या संघात जागा. जागा एकच होती, आणि पेरिझातनं तिच्यासाठी दोन वर्षं दुसरं काही केलं नव्हतं.

"गुरुवारी जनावरांच्या बाजारातल्या काट्यावर बरोबर भरली," ती म्हणाली. "आज सकाळी सरावाला काढली तर चढावर म्हाताऱ्या गाईसारखी धापा टाकायला लागली. परत काट्यावर नेली. अठरा किलो जास्त!"

"काटा बिघडला असेल."

"झाखारलाही चढवलं ना. तो गुरुवारी होता तेवढाच भरला. काल तोईत एवढं हादडूनसुद्धा."

शुक्रवारी आमच्या गल्लीत लग्नाची तोई, म्हणजे मेजवानी होती. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत अख्खी गल्ली मांडवात, म्हणजे गॅरेजवर कुणीच नाही. इथपर्यंत समजलं.

"गॅरेजच्या किल्ल्या कुणाकडं?"

"दोनच आहेत. एक माझ्याकडं, एक झाखारकडं."

"आणि ती फाटकामागच्या खिळ्यावरची?"

"ती... ती तर सगळ्यांचीच आहे."

मी कपाळाला हात लावला.

"मी नाही ठेवलं, मग राहिला झाखार," पेरिझात मान खाली घालून म्हणाली. "मी तसं त्याला तोंडावर बोलले, एजे. तो आता हत्यारं भरतोय. तो गेला तर उद्या माझी गाडी फाटकाबाहेरसुद्धा निघत नाही."

मी पातेलं चुलीवरून उतरवलं. जर्दाळू दरवर्षी पिकतात, चांगला मिस्त्री एकदा गेला की गेला.

२

गॅरेजच्या फाटकापाशी नव्या भिंतीसाठी नदीची वाळू टाकलेली होती. तिला वळसा घालून आम्ही आत गेलो. झाखार खरंच पान्यांची पेटी भरत होता. उंच, पिंगट केसांचा, हात कोपरापर्यंत तेलानं काळे. त्याचे आजोबा रशियातून इथं आले आणि इथलेच झाले. तो चिडला की आमच्यापेक्षा चांगल्या किरगीझ शिव्या देतो.

"या, झूरा एजे. बेड्या आणल्यात का?"

"मनगटं धुऊन घे आधी, बेड्या खराब होतील. बस. मला एक सांग, तुला ही गाडी पाडायची असती तर काय केलं असतंस?"

तो पेटीवर टेकला आणि त्यानं पेरिझातकडं न बघता उत्तर दिलं. "एक स्क्रू सैल केला असता. कुठला ते विचारू नका. दुसऱ्या वळणावर इंजिन बंद, आणि देवालासुद्धा कळलं नसतं. अठरा किलो कशाला वाहीन? मी काय हमाल आहे?"

"खरं आहे. सकाळच्या सरावात काही वेगळं दिसलं?"

तो जरा घुटमळला. "चढावर मेलेली होती. पण उंटाच्या वळणावर..." त्यानं पेरिझातकडं चोरटी नजर टाकली. "त्या वळणावर रोज शेपूट बाहेर फेकायची. आज नाही फेकली."

"तुला कोणी विचारलं?" पेरिझात कडाडली. पण तिचे कान लाल झाले होते, ते मी बघून ठेवलं.

एवढ्यात ओमुरझाक आके आले. डोक्यावर पांढरी टोपी, पायात घोटीव बूट, हातात घोडीच्या दुधाच्या कुमिसची बाटली. आकेंचा आवाज आधी येतो आणि आके मागून.

"सापडलं का काही? माझ्या पोरीच्या गाडीला नजर लागली, दुसरं काय! मी बाजारात सांगून आलोय, उद्या बघा म्हणावं. घोडा काय, गाडी काय, हलकं करायची विद्या आमच्या रक्तात आहे!" मग झाखारची पेटी बघून एकदम थांबले. "हे काय? कुठं निघालास?"

"तुमच्या मुलीला विचारा, आके. मी चोर आहे."

"मूर्खपणा!" आके म्हणाले. "झाखारनं हे केलेलं नाही. माझ्या दाढीची शपथ घेतो. पेटी खाली ठेव."

"तुम्ही इतके ठाम कसे, आके?" मी सहज विचारलं.

"माणूस ओळखतो मी," ते म्हणाले आणि मला कुमिस ओतायला लागले. पेला काठोकाठ भरून वर सांडला, तरी ते ओतत होते.

माझी तपासाची पद्धत साधी आहे. आधी डोळे, मग कान, तोंड सगळ्यात शेवटी. म्हणून पेला खाली ठेवून मी गाडीभोवती एक चक्कर मारली. गॅरेजची जमीन तेलानं काळी आणि चिकट, हिवाळ्यापासून कुणी केरसुणी लावलेली नाही. पण गाडीच्या दोन्ही बाजूंना, दारांच्या खाली, चटईएवढ्या दोन पट्ट्या स्वच्छ होत्या. लख्ख झाडलेल्या.

"झाखार, इथं झाडलंस का रे?"

"झाडू कसला असतो ते माहीत आहे का मला?"

पेरिझातनंही मान हलवली. मी गॅरेजच्या मागच्या खिडकीतून बाहेर बघितलं. मागच्या बुटक्या भिंतीवर चिमण्यांची तोई भरली होती. वीस-पंचवीस चिमण्या, भांडाभांडी, ढकलाढकली. एरवी त्या भिंतीवर एक चिमणी बसत नाही, तिथं खायला असतंच काय?

मी परत गाडीपाशी आले. गुडघे दुखतात म्हणून खाली बसणं मला आवडत नाही, पण बसले. दाराखाली जी लांब पोकळ पट्टी असते, जिच्यावरून पाय आत टाकतात, तिला आमचे मिस्त्री उंबरा म्हणतात. मडकं घेताना वाजवून बघतात तशी मी त्या उंबऱ्यावर टिचकी मारली.

बद्द.

पुढं मारली. बद्द. दुसऱ्या बाजूला गेले. तिथंही बद्द.

"पोकळ आहे ना रे हे?" मी विचारलं. झाखार आधीच पोटावर झोपला होता. गाडीतला गालिचा काढल्यामुळं उंबऱ्याच्या आतल्या अंगाची गोल भोकं उघडी पडली होती, रबरी बुचं लावलेली. त्यानं नखानं एक बूच उपटलं, भोकात पेचकस घालून ढवळला आणि दोन्ही हात पुढं ओंजळीसारखे धरले.

त्याच्या काळ्या ओंजळीत सोनेरी जव सांडायला लागले.

३

"एर्मेक!" पेरिझात ओरडली. "त्याच्याशिवाय कोण?"

बोलण्यात तथ्य होतं. एर्मेक हा तिचा खरा प्रतिस्पर्धी, आणि त्याच्या बापाची धान्याची गिरणी. जवाच्या पोत्यांवरच वाढलेला पोरगा. झाखारनं पान्याची पेटी टाकून पाना तेवढा हातात ठेवला, तेव्हा मी दोघांना तिथंच बसवलं. "उंबरे रिकामे करा आणि माझी वाट बघा. मी येईपर्यंत कुणी कुणाला मारायचं नाही," असं बजावून निघाले.

"मी येतो बरोबर," आके म्हणाले.

"नको आके. तुम्ही आलात की सगळं तुम्हीच बोलता."

एर्मेक गिरणीच्या दारात गाडीखाली झोपला होता. गाडी हलकी करायला त्यानं सगळं परदेशातून मागवलेलं, बॉनेटसुद्धा दोन बोटांनी उचलावं असं. स्वतःचं पोट तेवढं राहून गेलं होतं.

"एजे! या, या. पेरिझातनं पाठवलं ना? सगळं ऐकलं मी. काराकोलमध्ये शिंकलं तरी गिरणीत ऐकू येतं."

"मग जवाचंही ऐकलंस?"

त्याचा चेहरा बदलला. ते नव्हतं ऐकलं. मी सांगितलं तसा तो आधी घाबरला, मग चिडला, आणि मग, मला हे आवडलं, हसत सुटला. "गाडीत जव? म्हणजे ती आता गाडीला चारा घालते?"

"तुझ्या गिरणीतले नसतील ना?"

"एजे, जव या गल्लीत कुणाच्या घरी नाहीत ते सांगा. तुमच्या कोंबड्या काय खातात?" हे खरं होतं. "आणि काल मी हललो असेन तर शपथ! नवरदेव माझा मावसभाऊ. दिवसभर तांब्या आणि तस्त घेऊन पाहुण्यांच्या हातावर पाणी घालत होतो. पाठ मोडली. तुमच्याही हातावर घातलं, विसरलात?"

नव्हते विसरले. गरम पाणी घातलं होतं मेल्यानं.

"सगळ्यांच्या हातावर घातलंस?"

"मांस वाढायच्या आधी एकूणएक. फक्त ओमुरझाक आकेंची जागा रिकामी होती. बरं झालं म्हणा." तो खदाखदा हसला. "त्यांच्या वाट्याचं जांबाश, थोरल्याच्या मानाचं ते मांसाचं हाड, माझ्या म्हाताऱ्यानं चापलं. घरी आल्यापासून मिशांवरून हात फिरवतोय. पेरिझातला सांगा, तुझ्या बापाचा वाटा आम्ही खाल्ला, उद्या तुझाही खाणार!"

त्याला त्याच्या फुशारकीत सोडून मी परत निघाले. ऊन वाढलं होतं, गुडघा कुरकुरत होता. गॅरेजच्या फाटकाशी या वेळी वळसा घालायचा कंटाळा केला आणि सरळ वाळूच्या ढिगातून पाय टाकला. बूट घोट्यापर्यंत आत. फाटकाच्या कट्ट्यावर बसून बूट काढला आणि झाडला. बारीक, कोरडी, पांढरी वाळू भळाभळा बाहेर आली, संपता संपेना. माझ्या एका बुटात किलोभर तरी असेल.

तो बूट मी हातात तसाच धरून बसले. सगळं लख्ख दिसलं. चिमण्या, झाडलेली जमीन, काठोकाठ सांडलेला कुमिस. चोर कोण ते कळलं होतं. मुख्य म्हणजे तो चोर नव्हताच.

४

आत पेरिझात आणि झाखार एकमेकांकडं पाठ करून बसले होते. मध्ये जवाचं अर्धं पोतं. आके खिडकीपाशी उभे.

"चहा टाका," मी म्हणाले. "उकल करताना माझा घसा कोरडा पडतो."

"एर्मेकच ना?" पेरिझात म्हणाली.

"एर्मेक काल मांडवातून हललेला नाही, अख्ख्या गल्लीच्या हातावर त्यानं पाणी घातलंय. पण तो हलला असता तरी मी त्याला सोडलं असतं. ऐका. पहिली गोष्ट. जव ओतताना थोडे जमिनीवर सांडले. ज्यानं ओतले तो घाईत होता, लपून आला होता. तरी तो खाली बसला, दोन्ही बाजूंचे सांडलेले दाणे झाडून गोळा केले, आणि फेकले नाहीत. मागच्या भिंतीवर चिमण्यांना ठेवले."

"आपल्यात कुणीही तेच करेल," पेरिझात म्हणाली. "धान्यावर पाय कसा द्यायचा?"

"कुणीही करेल. म्हणून त्यावरून नाव कळत नाही. एवढंच कळतं की माणूस जुन्या वळणाचा, देवाधर्माला भिऊन असणारा. म्हणजे झाखार नाही."

"आभारी आहे," झाखार गुरगुरला.

"दुसरी गोष्ट. हा माझा बूट बघा." मी तो सर्वांसमोर उपडा केला, अजून थोडी वाळू पडली. "गाडी जड करायची होती ना? मग फाटकात वाळूचा डोंगर पडलाय. फुकट, जवापेक्षा कितीतरी जड, आणि सांडली तरी या दारात कोण विचारणार? शत्रू असता तर त्यानं डोळे मिटून वाळू भरली असती. हा माणूस मात्र त्या ढिगाला वळसा घालून गेला आणि आपल्या घरून निवडलेले, साफ केलेले जव घेऊन आला. का?"

चहाचं पाणी खदखदत होतं.

"कारण वाळू म्हणजे मातीच, आणि माणसावर माती एकदाच टाकतात," मी म्हणाले. "त्याला कबरीत ठेवल्यावर. जिवंत माणूस जिथं बसणार तिथं माती भरायला या माणसाचा हात उठला नाही. ज्याच्यावर जीव असतो त्याच्याच बाबतीत असा हात अडखळतो. एर्मेकचा अडखळला नसता."

पेरिझात हळूच मागं वळली.

"तिसरी गोष्ट. दोन्ही उंबऱ्यांत जव अगदी सारखे. नुसतं ओझं टाकायचं असतं तर एका बाजूला ओतून पळाला असता. पण घोड्यावर पडशी लादणाऱ्याला ते जमत नाही. एक बाजू जड झाली की घोड्याची पाठ सोलते, हे त्याच्या हाताला माहीत असतं. आणि चौथी गोष्ट." इथं मी मुद्दाम चहाचा घोट घेतला. "काल तोईत एका मोठ्या माणसाची जागा रिकामी होती. त्याच्या वाट्याचं जांबाश दुसऱ्यानं खाल्लं. मांस वाढायच्या आधी, आशीर्वाद व्हायच्या आधी आपल्यातला म्हातारा मांडवातून उठतो का कधी? मेला तरी उठत नाही. आके, काल तुम्ही कुठं होतात?"

आके खिडकीतून बाहेर चिमण्या बघत होते.

"जांबाश कुणी खाल्लं?" ते शेवटी म्हणाले.

"एर्मेकच्या वडिलांनी."

"तो लबाड. मला वाटलंच."

५

पेरिझात उठली तशी चहाची किटली कलंडली. "अब्बा! तुम्ही? बाजारात छाती ठोकत फिरताय आणि इकडं माझ्याच गाडीत... मला हरवायला?"

"हरवायला नाही."

"मग कशाला?"

आकेंनी टोपी काढली आणि परत घातली. "मंगळवारी मी उंटाच्या वळणावर बसलो होतो. तुला सांगितलं नाही. तू आलीस. गाडीचं ढुंगण उठलं, सुटलं, पार कड्याकडं गेलं. तू वळवलंस, पण मी बघितलं ते बघितलं. तेव्हा ठरवलं, हिला जरा जड केली पाहिजे."

"मला सांगायचं होतंत!"

"ऐकलं असतंस? तू पाव किलोसाठी झाखारच्या अंगावर जातेस, आणि मी म्हणणार, घाल आत अठरा किलो?" त्यांचा आवाज चिरकला. "पोरी, मी जन्मभर घोडे हलके केले. वर बसायची ती दुसऱ्यांची पोरं असायची. हलकं म्हणजे काय ते मला मंगळवारी कळलं."

मी तपासात पुष्कळ कबुलीजबाब ऐकलेत. असा ऐकला नव्हता. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवलेही नाहीत.

पेरिझातला ओरडायचं होतं आणि रडायचंही. मग ती झाखारकडं वळली.

"आज वळणावर चांगली गेली," ती म्हणाली. "मला सकाळीच कळलं होतं. सांगायला लाज वाटली. आपण मागून फार काढलं रे. सीट, चाक, काच, सगळं मागचंच. पुढं इंजिन बसलंय आणि मागं नुसता वारा."

झाखारनं कान खाजवला. "मग आता? जव परत भरायचे?"

"अजिबात नाही. चढावर मरायचंय का?" तिनं बॉनेट उघडलं आणि बोट दाखवलं. "ही बॅटरी. ही पुढंच पाहिजे असं कुठं लिहिलंय? मागं नेऊ, खाली, जमिनीला टेकून. एक किलो वाढवायचा नाही, नुसती जागा बदलायची."

झाखारनं पेटी उघडली आणि तो पाने परत बाहेर काढायला लागला. "तारा लांब लागतील. एर्मेककडं चांगल्या आहेत. मागून आणू की चोरून?"

"मागून आण," मी म्हणाले. "चोरीचा तपास मी आज पुन्हा करणार नाही."

आके जवाचं पोतं उचलून निघाले. दारात पेरिझातनं त्यांना अडवलं, पोत्यात हात घातला आणि मूठभर जव काढून आपल्या शर्टाच्या खिशात टाकले. खिशाचं बटण लावलं. "एवढे चालतील," ती म्हणाली. आकेंनी मान हलवली आणि घाईघाईनं बाहेर पडले, कारण त्यांना रडताना कुणी बघितलेलं त्यांना आवडत नाही.

६

दुसऱ्या दिवशी मी आकेंबरोबर उंटाच्या वळणावर बसले. गर्दी सगळी वर स्कीच्या तळाशी होती, वळणावर आम्ही दोघंच. एर्मेक आधी गेला. चढावर छान, वळणावर जरा भरकटला, धूळ उडवून गेला. मग खालून तो बारीक, चिरका आवाज आला. आकेंनी माझा हात धरला. हाड मोडेल की काय असा.

गाडी आली, वळली आणि गेली. मागची चाकं रस्त्याला धरून होती. मी उभी राहून ओरडले. पण आके बसल्या जागी डोळे घट्ट मिटून होते.

"अहो आके, बघितलंत का नाही?"

"ऐकलं," ते म्हणाले. "टायर ओरडले नाहीत."

थोड्या वेळानं झाखार घाटातून धावत खाली येताना दिसला. फोन खिशात असताना तो एवढं अंतर पळत आला, कारण आनंदाची बातमी पहिल्यांदा आणणाऱ्याला बक्षीस मागता येतं, आणि ते फोनवरून मागता येत नाही. "सुयुन्चू!" तो लांबूनच बोंबलत होता. "आके, सुयुन्चू द्या! पहिली! एर्मेकला धूळ चारली! बिश्केकचा माणूस तिच्या गाडीखाली झोपून बॅटरी बघतोय!"

आकेंनी खिसे चाचपले. देण्यासारखं काही सापडलं नाही. "संध्याकाळी देतो," ते म्हणाले.

संध्याकाळी आकेंच्या अंगणात मेंढा कापला होता. गल्ली जमली, एर्मेकही आला आणि वडिलांना घेऊन आला. त्याच्याच हातून आम्ही सगळ्यांनी हात धुतले. मांस आलं. सगळ्यांत वयोवृद्ध आके, तेव्हा जांबाशाचं हाड त्यांच्यासमोर ठेवलं गेलं. एर्मेकच्या वडिलांनी ते डोळ्यांनीच खाल्लं.

आकेंनी ताट दोन्ही हातांनी उचललं, उठले, सगळी पंगत ओलांडून दाराजवळ बसलेल्या झाखारपाशी गेले आणि ते त्याच्यापुढं ठेवलं. तिशीतल्या पोरासमोर जांबाश ठेवलेलं आमच्यापैकी कुणीच बघितलं नव्हतं.

"आके, हे काय? माझं वय आहे का हे खायचं?" झाखार अर्धवट उठला.

"बस. हा तुझा सुयुन्चू," आके म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "आणि माझ्यामुळं एक दिवस तुला चोर व्हावं लागलं, तेही यात आलं. खा."

झाखारनं खाली बघितलं. पेरिझात त्याच्या शेजारी येऊन बसली, शर्टाच्या खिशावरचं बटण अजून तसंच लावलेलं. तिनं सुरी त्याच्या हातात दिली.

"खा," ती म्हणाली. "पण बेतानं. बिश्केकला तूही येणार आहेस, आणि तिथला काटा मला माहीत नाही."